राखीव कुवतीचा बाजार : एकाच चिपच्या अनेक ग्राफिक्स कार्डांची तुलना

एकाच चिपवर बांधलेली, एकाच नावाची, पण पाच वेगवेगळ्या कंपन्यांची ग्राफिक्स कार्डे दुकानाच्या काउंटरवर शेजारी शेजारी मांडलेली असतात. त्यांच्या किमतींत हजारो रुपयांचे अंतर असते. हे अंतर कशाचे, असे विचारले की उत्तर बहुधा दोन अक्षरांत मिळते : 'ओसी'. म्हणजे ओव्हरक्लॉक्ड; नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालेल असे कारखान्यातच लावून दिलेले. खोक्यावर मेगाहर्ट्‌झचा आकडा छापलेला असतो आणि ज्याचा आकडा मोठा ते कार्ड सरस, असे विकणारा आणि घेणारा दोघेही गृहीत धरतात.

या गृहीताची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू. विषय खेळ खेळणाऱ्या मुलांचा वाटण्याचा संभव आहे. परंतु चित्रपटाचे संकलन, अॅनिमेशन, वास्तुरचनेची त्रिमित चित्रे, घरच्या घरी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग, या सगळ्यांसाठी आज हेच कार्ड लागते, आणि असेंबल केलेल्या संगणकात बहुधा तीच सर्वांत महाग वस्तू असते. शिवाय एकसारख्या मालात फरक दाखवण्यासाठी आकडा कसा घडवला जातो आणि तो पारखायचा कसा, हा प्रश्न संगणकाच्या दुकानाबाहेरही आपल्याला भेटतोच.

सूत एका गिरणीचे, माग अनेकांचे

ग्राफिक्स कार्डाचे काम मोजून सांगता येते. नेहमीच्या 'फुल एचडी' पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. आणि प्रत्येक रंगामागे प्रकाश, सावली, पृष्ठभाग यांचे स्वतंत्र गणित असते. ही गणिते एकामागून एक करण्याऐवजी हजारो एकाच वेळी करणारी चिप म्हणजे जीपीयू.

अशा चिप बनवण्याच्या क्षेत्रात दीर्घकाळ दोनच मोठी नावे आहेत. एक एनव्हिडिया, १९९३ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली. आणि दुसरे एएमडी, जिने २००६ मध्ये कॅनडातील एटीआय ही कंपनी विकत घेऊन या धंद्यात पाऊल टाकले. या दोघी चिपची रचना करतात. प्रत्यक्ष चिप तैवानच्या टीएसएमसी किंवा कोरियाच्या सॅमसंगच्या कारखान्यात बनते. त्यानंतर ती आसुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर, पॉवरकलर अशा कार्ड बनवणाऱ्यांकडे जाते. चिपभोवतीचा बोर्ड, वीज पुरवणारे भाग, हीटसिंक, पंखे आणि दिवे ही त्यांची कामगिरी. सूत एकाच गिरणीचे आणि माग निरनिराळे, असा हा प्रकार आहे.

चिप बनवणाऱ्याने कार्डेही स्वतःच विकावीत, हा प्रयोग पूर्वी झालेला आहे. 'व्हूडू' कार्डांमुळे नावाजलेल्या थ्रीडीएफएक्स कंपनीने १९९८ च्या अखेरीस एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी घेण्याचे ठरवले आणि इतरांना चिप पुरवण्याचा मार्ग सोडला. कार्ड बनवणारे प्रतिस्पर्ध्यांकडे वळले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेण्याचा करार झाला. तेव्हापासून चिपवाले आणि कार्डवाले यांची ही सोयरीक टिकून आहे. पण ती बरोबरीची नाही. मूळ वेग, स्मृतीचे प्रमाण, व्होल्टेजची कमाल मर्यादा, यातले जवळजवळ सगळे चिपवाला ठरवतो. २०१२ साली ईव्हीजीए या अमेरिकी कंपनीला आपल्या एका खास कार्डावरची व्होल्टेज वाढवण्याची सोय काढून टाकावी लागली, ती चिपवाल्याच्या नियमांमुळेच. स्वतःचे म्हणून दाखवायला कार्डवाल्याच्या हाती मग उरते काय? पंखे, आकार, नाव आणि थोडेसे मेगाहर्ट्‌झ. 'ओसी' या शिक्क्याचे मूळ या अडचणीत आहे.

राखीव कुवत येते कुठून

नेमलेल्या वेगापेक्षा चिप जास्त वेगाने चालू शकते, याचा अर्थ तिच्यात काहीतरी शिल्लक ठेवलेले असते. ते का ठेवलेले असते, हे समजल्याशिवाय पुढची तुलना समजणार नाही.

चिप सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर छापल्या जातात. २०२० साली आलेल्या आरटीएक्स ३०८० या कार्डाच्या चिपचे क्षेत्रफळ ६२८ चौरस मिलिमीटर आहे आणि तिच्यात सुमारे २,८३० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. एका चकतीवर अशा सुमारे ऐंशी-नव्वद चिप बसतात. एकाच तव्यावरच्या भाकऱ्यांतही एखादी कडेला कच्ची राहते; इथे तर मोजमाप नॅनोमीटरमध्ये आहे. काही चिप कमी व्होल्टेजवर सहज पळतात, काहींना तेवढ्याच वेगासाठी जास्त व्होल्टेज लागते. विक्रीचा वेग ठरवताना रचनाकाराला विकल्या जाणाऱ्या सर्वांत अशक्त चिपचा विचार करावा लागतो. त्यातही खोली तापलेली असेल, एसएमपीएस जुना असेल, हीटसिंकवर धूळ बसली असेल, हे सगळे धरून तो वेग नेमतो. सशक्त चिपमध्ये त्यामुळे बरीच कुवत शिल्लक राहते.

ही शिल्लक प्रथम ओळखली ती ग्राहकांनी. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आला. तो ६६ मेगाहर्ट्‌झच्या साडेचार पट, म्हणजे ३०० मेगाहर्ट्‌झवर चाले. मदरबोर्डवर ६६ च्या जागी १०० निवडले की तोच प्रोसेसर ४५० वर चालू लागे, आणि बऱ्याच जणांकडे तो बिनतक्रार चालला. ही फुकटची मिळकत होती आणि धोकाही ज्याचा त्याचा होता. पुढे कार्ड बनवणाऱ्यांनी हेच काम स्वतःकडे घेतले आणि त्याची किंमत लावली. २०१८ मध्ये तर एनव्हिडियानेच या शिलकीचा अधिकृत भाव काढला. त्या पिढीतील चिप दोन प्रतींत विकल्या गेल्या : सांकेतिक क्रमांकापुढे 'ए' असलेल्या आणि नसलेल्या. 'ए' नसलेली चिप स्वस्त, मात्र तिच्यावर कारखान्यातून वेग वाढवलेले कार्ड विकण्याची मुभा नव्हती. ही विभागणी पुढच्याच वर्षी बंद झाली. पण ओव्हरक्लॉक केलेले कार्ड विकणे म्हणजे चिपमधली राखीव कुवत विकणे, हे त्यातून उघड झाले.

आकड्याचा अर्थ बदलला

मार्च २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० या कार्डाबरोबर एनव्हिडियाने 'जीपीयू बूस्ट' आणले. तोपर्यंत काम चालू असताना कार्डाचा वेग ठरलेला असे. आता दोन वेग छापले जाऊ लागले; या कार्डाचा पायाभूत वेग १००६ आणि बूस्टचा १०५८ मेगाहर्ट्‌झ होता. बूस्टचा आकडा कमाल मर्यादा नसतो. परिस्थिती अनुकूल असेल तर कार्ड आपणहून त्याच्याही वर जाते.

ते कुठे थांबते, हे तीन कुंपणे ठरवतात : तापमान, व्होल्टेज आणि वीज. यातले जे कुंपण आधी लागेल तिथे वेग अडतो. तापमान वाढत गेले की कार्ड १५-१५ मेगाहर्ट्‌झच्या पायऱ्यांनी खाली उतरते. याचा परिणाम असा की, चांगल्या हीटसिंकचे साधे कार्ड आपोआप जास्त वेगाने चालते, आणि सुमार हीटसिंकचे 'ओसी' कार्ड वरून खाली येते. चिप स्वतःच स्वतःला ओव्हरक्लॉक करते, असे म्हटले तरी चालेल. कार्डवाल्याने खोक्यावर छापलेली वाढ म्हणजे या चढत्या-उतरत्या रेषेला दिलेली थोडीशी उचल. ज्यावर हा उंच-सखल प्रवास अवलंबून असतो ती सामग्री मात्र खोक्यावर छापलेली नसते.

यात विजेचे गणित महत्त्वाचे आहे. चिपला लागणारी वीज ढोबळमानाने वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावे लागले, तर वीज १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३ पट लागते. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के वीज. आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते.

एका कार्डाचे चार आकडे

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आरटीएक्स ३०८० हे कार्ड १७ सप्टेंबर २०२० रोजी विक्रीस आले. एनव्हिडियाने स्वतः विकलेल्या कार्डाचा छापील बूस्ट वेग १७१० मेगाहर्ट्‌झ, वीज ३२० वॅट आणि किंमत ६९९ डॉलर. त्याच चिपवरच्या इतर कार्डांचे छापील वेग असे होते : झोटॅक ट्रिनिटी १७१०, आसुस टफ ओसी १७८५, गिगाबाइट गेमिंग ओसी १८००, ईव्हीजीए एफटीडब्ल्यू३ अल्ट्रा १८००, एमएसआय गेमिंग एक्स ट्रायो १८१५ आणि आसुस स्ट्रिक्स ओसी १९०५.

यातली दोन टोके शेजारी ठेवू. स्ट्रिक्सचा छापील वेग मूळ कार्डापेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी जास्त. त्याची नेहमीची वीजमर्यादा ३७० वॅट, म्हणजे सुमारे १६ टक्के जास्त. सुरुवातीची जाहीर किंमत ८५० डॉलर, म्हणजे जवळपास २२ टक्के जास्त. आणि खेळांमध्ये मोजलेला प्रत्यक्ष फरक? साधारण दोन ते चार टक्के. कारण सरळ आहे. १७१० छापलेले मूळ कार्ड काम करताना १७१० वर थांबतच नव्हते. बूस्टच्या कृपेने ते १९०० च्या आसपास चालत होते. स्ट्रिक्सची उचल कागदावर १९५ मेगाहर्ट्‌झची होती. प्रत्यक्षात दोघांतले अंतर त्याच्या लहानशा अंशाएवढेच उरले.

दोन-चार टक्के म्हणजे किती, तेही पाहू. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या कार्डाने ६२ दाखवली, तर प्रत्येक चित्र १६.७ ऐवजी १६.१ मिलिसेकंदांत येते. हा फरक यंत्र मोजते. डोळ्याला तो कळत नाही.

म्हणून स्ट्रिक्स घेणारे सगळेच फसले, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्या जादा पैशांत मोठा हीटसिंक आला, वीज पुरवणारे भाग अधिक सक्षम आले, आणि एक बारीक बटण आले, ज्याने कार्ड शांतपणे चालण्याच्या अवस्थेत नेता येते. पंख्यांचा आवाज कमी झाल्याचे रात्री काम करणाऱ्याला लगेच जाणवते. म्हणजे पैशाचा मोबदला मिळाला. पण ज्या आकड्याच्या नावाने पैसे घेतले त्या आकड्यातून तो मिळाला नाही.

सप्टेंबर २०२० चा धडा

हेच कार्ड बाजारात येऊन आठवडाही झाला नव्हता, तोच तक्रारी येऊ लागल्या. वेग २००० मेगाहर्ट्‌झच्या आसपास गेला की खेळ अचानक बंद पडे. तक्रारी प्रामुख्याने वाढीव वेगाच्या कार्डांच्या होत्या, पण केवळ त्यांच्याच नव्हत्या.

जर्मन परीक्षक इगॉर वालोसेक यांनी चिपच्या बरोबर मागे, बोर्डच्या पाठीवर बसवलेल्या कपॅसिटरकडे बोट दाखवले. कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी. चिपची मागणी क्षणार्धात वाढते, तेव्हा मुख्य पुरवठा पोहोचेपर्यंत ही टाकी वेळ निभावून नेते. बोर्डवर अशा सहा जागा होत्या. प्रत्येक जागी एक मोठा पॉलिमर कपॅसिटर बसवता येई किंवा त्याऐवजी दहा बारीक सिरॅमिक. मोठा साठवण चांगली करतो. बारीक अतिजलद चढउतार चांगले सांभाळतात. झोटॅक ट्रिनिटीत सहाही जागी मोठे होते, आसुस टफमध्ये सगळे बारीक. ईव्हीजीएने जाहीर निवेदन केले की, सहा मोठे कपॅसिटर असलेली आपली रचना उत्पादनपूर्व तपासणीत प्रत्यक्ष वापराच्या कसोटीला उतरली नाही, म्हणून चार मोठे आणि वीस बारीक अशी रचना केली आणि त्यामुळे माल उशिरा निघाला.

२८ सप्टेंबरला एनव्हिडियाने नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारी आज्ञावली, प्रसिद्ध केला आणि बहुतेकांच्या तक्रारी थांबल्या. त्यानंतर काही परीक्षकांना वेगाची सर्वोच्च शिखरे किंचित खाली आलेली दिसली. केवळ आज्ञावली बदलून दुखणे बरे झाले, म्हणजे कपॅसिटर हे एकमेव कारण नव्हते. नव्या चिपमध्ये राखीव कुवत मुळातच थोडी होती. बूस्टने तिचा बराच भाग वापरला आणि कारखान्यातल्या उचलीने उरलासुरला. मग बोर्डवरचा काही पैशांचा भागही निर्णायक ठरू लागला. मेगाहर्ट्‌झची जी स्पर्धा खोक्यावर चालली होती, तिच्या कसोटीची जागा बोर्डच्या पाठीवर होती, जिथे ग्राहक कधी पाहत नाही.

याच ईव्हीजीएची पुढची हकीकतही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जुलै २०२१ मध्ये 'न्यू वर्ल्ड' या खेळाच्या चाचणीत तिची काही आरटीएक्स ३०९० कार्डे कायमची बंद पडली. सुमारे दोन डझन कार्डांतील वीजपुरवठ्याच्या भागाचे सोल्डरिंग सदोष होते, असे कंपनीने सांगितले आणि कार्डे बदलून दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिने एनव्हिडियाशी असलेले संबंध आणि घटता नफा यांमुळे ग्राफिक्स कार्डांचा धंदाच सोडला. कपॅसिटरबाबत काळजी घेणाऱ्या कंपनीच्याच कार्डांत सोल्डरिंगचा दोष निघतो. आणि दोष भरून देणारी कंपनी पुढे बाजारात टिकतेच असे नाही. कंपनीच्या नावावरून कार्ड पारखण्याला ही मर्यादा आहे.

तुलना कशी करावी

दोन कंपन्यांच्या कार्डांची न्याय्य तुलना करायची तर बाकी सर्व गोष्टी सारख्या ठेवाव्या लागतात : तोच संगणक, तोच ड्रायव्हर, त्याच खेळातला तोच प्रसंग, खोलीचे तेच तापमान. कार्ड किमान वीस-तीस मिनिटे तापू द्यावे लागते, कारण पहिल्या दोन मिनिटांत थंड कार्डाचा वेग सर्वांत चांगला दिसतो. कॅबिनेट बंद ठेवावे लागते. उघड्या टेबलावर घेतलेली चाचणी घरातल्या परिस्थितीशी जुळत नाही. सरासरीबरोबर सर्वांत संथ एक टक्का चित्रांची नोंदही हवी, कारण खेळणाऱ्याला खुपतो तो अधूनमधून बसणारा हिसका. आणि तापमानाची तुलना आवाज सारखा ठेवून करायला हवी. पंखे जोरात फिरवून कोणतेही कार्ड थंड दाखवता येते.

एवढे करूनही एक मूलभूत अडचण उरते. परीक्षकाकडे बहुधा प्रत्येक कंपनीचे एकच कार्ड असते. चिप-चिपमधला जन्मजात फरकच एक-दोन टक्क्यांचा असू शकतो. मग एका एमएसआय कार्डाने एका गिगाबाइट कार्डाला एका टक्क्याने मागे टाकले, तर ते श्रेय कंपनीचे की नशिबाने मिळालेल्या चिपचे, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही.

शिवाय तो नमुना अनेकदा कंपनीच पाठवते. जून २०१६ मध्ये टेकपॉवरअपच्या परीक्षकांनी दाखवून दिले की, परीक्षणासाठी आलेली एमएसआय आणि आसुसची काही कार्डे दुकानातल्या कार्डांपेक्षा जास्त वेगावर लावलेली होती. एमएसआयच्या जीटीएक्स १०८० कार्डात हा फरक १८२२ आणि १८४७ मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे जेमतेम दीड टक्क्याचा होता. ग्राहकालाही एक आज्ञावली वापरून तो वेग मिळवता येत होता. पण पाचही कार्डे एकमेकांपासून एक-दोन टक्क्यांवर उभी असतात, तेव्हा क्रमवारीत वर जायला दीड टक्का पुरतो. चिपवालेही यात मागे नव्हते. २००१ मध्ये एटीआयचा ड्रायव्हर 'क्वेक' या खेळाचे नाव ओळखून चित्राचा दर्जा उतरवतो आणि वेग वाढवतो, हे त्या खेळाचे नाव बदलून 'क्वॅक' केल्यावर उघड झाले. २००३ मध्ये एका प्रसिद्ध चाचणी-आज्ञावलीच्या निर्मात्यांनी एनव्हिडियावर तशाच क्लृप्त्यांचा आरोप केला. मोजणीवर विक्री अवलंबून असली की मोजणीसाठीच माल तयार होऊ लागतो.

आपल्याकडच्या वाचकाने यात आणखी एक दुरुस्ती करून घ्यावी. परदेशी चाचण्या बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत वातानुकूलन नसलेल्या खोलीचे तापमान सहज १२-१५ अंशांनी जास्त असते. पंख्यांचा वेग तोच राहिला तर कार्डाचे तापमानही साधारण तेवढ्याच अंशांनी चढते. तिकडे ७० अंशांवर निवांत चालणारे कार्ड इथे ८५ च्या घरात जाऊ शकते. तेथे पंखे ओरडू लागतात आणि वेगाच्या पायऱ्या उतरू लागतात. कारखान्यातून मिळालेली उचल अशा वेळी सर्वांत आधी खर्ची पडते. इथे मोठा हीटसिंक ही चैन उरत नाही.

मग निवडायचे काय

छापील मेगाहर्ट्‌झ बाजूला ठेवून पुढील प्रश्न विचारावेत. सारख्या आवाजात कोणते कार्ड जास्त थंड राहते? वीजमर्यादा किती आणि आपला एसएमपीएस व कॅबिनेट ती पेलतील का? हमी किती वर्षांची, आणि दुरुस्तीसाठी कार्ड शहरातच देता येते की परगावी पाठवावे लागते? पंखा बिघडला तर बदलून मिळतो का? यांची उत्तरे समाधानकारक असतील तर त्या कार्डाला थोडे जास्त पैसे देणे योग्य, मग त्याच्या नावात 'ओसी' असो वा नसो. आणि नुसत्या वेगासाठी जादा २० टक्के मोजायची तयारी असेल, तर त्या पैशांत वरच्या पायरीची चिप येते का, हे आधी पाहावे. तो फरक डोळ्याला दिसणारा असतो.

राहिली राखीव कुवत. ती वेगासाठीच खर्च करावी असे कुठे आहे? बरेच जाणकार आता उलट दिशेने जातात. ते वेग जवळपास तोच ठेवून व्होल्टेज कमी करतात. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. मघाचे गणित इथे आपल्या बाजूने काम करते : व्होल्टेज १० टक्के उतरवता आले, तर त्याच वेगासाठी वीज सुमारे १९ टक्क्यांनी कमी लागते. प्रत्येक चिपला ते सारखे जमत नाही, म्हणून थोडे थोडे उतरवत, दर टप्प्यावर तासभर काम करून पाहावे लागते. कार्ड अडखळले की एक पायरी मागे यायचे. त्याला पैसे पडत नाहीत. आरटीएक्स ३०८० सारख्या कार्डात त्यामुळे कित्येक वॅट वाचतात, पंखे हळू फिरतात आणि खोली कमी तापते. खोक्यावर छापण्यासारखा आकडा यातून निघत नाही. विजेच्या बिलावर मात्र तो निघतो.